ओठ न लावता

माझ्या दवाखान्यात शुगरचा पेशंट आला की मी त्याला लगेच खुर्चीत बसवत नाही. दाराजवळच्या स्टुलावर स्टीलचा एक टंबलर असतो. त्यात पाणी भरून त्याच्या हातात देते आणि तमिळमध्ये सांगते, ओठ न लावता प्या. कुंभकोणमच्या माणसाला यात काही नवल वाटत नाही. इथे बहुतेक सगळे तसेच पितात. मान मागे, तोंड उघडं, टंबलर चार बोटं वर आणि धार थेट घशात. पुष्कळांना वाटतं, उन्हातून आलो म्हणून बाईंनी पाणी दिलं. मी मात्र त्यांच्या तोंडाकडे बघत असते. किती उघडलं, कुठे अडलं, पाणी आत गेलं की हनुवटीवरून सदऱ्यावर आलं. दातांच्या डॉक्टरांच्या कुठल्या पुस्तकात ही तपासणी मी वाचलेली नाही. ती मला माझ्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी शिकवली, आणि त्यांना ती शिकवायची मुळीच नव्हती.

आम्ही तंजावरकडचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी आमचा कुणी पूर्वज मराठा राजांच्या मागोमाग इकडे आला, कचेरीत लेखणी धरून बसला आणि परत जायचं विसरला. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की तमिळ, असा आमचा कारभार. दातांचं शिकायला मी पाच वर्षं पुण्यात होते, तेव्हा होस्टेलच्या मुली मला रोज थोडं बोलायला लावायच्या आणि हसायच्या. तू तोंड उघडलंस की कुणीतरी बखर वाचतंय असं वाटतं, म्हणायच्या. हे जे सरळ मराठी लिहिते आहे ते त्यांच्याच टिंगलीचं फळ. पण त्या सगळ्यात जास्त हसल्या माझ्या पाणी पिण्याला. एक जण म्हणाली, पाणी पितेस की टाकी भरतेस? मी रडवेली होऊन अप्पांना फोन केला. ते म्हणाले, त्यांना सांग, टाकी भरताना कोणी टाकीला ओठ लावत नाही. दुसऱ्या दिवशी मी ते सांगितलं, आणि त्यानंतर माझी चेष्टा जरा कमी झाली.

अप्पा पाटबंधारे खात्यात होते. गावाच्या पूर्वेला कावेरीच्या एका फाट्यावर पाणी सोडायचे लोखंडी दरवाजे आहेत, त्यांच्या शेजारच्या दगडी खांबावर फुटांच्या पांढऱ्या रेघा. सकाळ-संध्याकाळ त्या रेघांवर पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि वहीत लिहून सही ठोकायची, हे त्यांचं काम. तीस वर्षं केलं. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या सायकलवर मागे बसून जायची. आभाळ फाटलेलं असो की पाणी महिनाभर एकाच रेघेवर झोपलेलं असो, अप्पा पायऱ्या उतरून खाली जायचे, वाकून बघायचे आणि मगच लिहायचे. एकदा धो धो पावसात मी म्हटलं, कालच्याइतकंच असेल, लिहून टाका. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली आणि भिजत खाली उतरले. वर आल्यावर एवढंच म्हणाले, "पाहिल्याविना लिहूं नये, बाळ." आमच्या घरात 'अंदाजे' हा शब्द शिवीसारखा होता.

त्या दरवाजांपाशीच त्यांनी मला पाणी प्यायला शिकवलं. माझं वय पाच-सहा असेल. पितळेची लोटी त्यांनी वर धरली आणि मला मान मागे टाकायला सांगितली. पहिल्यांदा नाकात गेलं, दुसऱ्यांदा फ्रॉकवर, तिसऱ्यांदा मला असा ठसका लागला की चौकीतला माणूस धावत आला. गिळायची घाई नको, असं ते सांगत राहिले. "गळा उघडा ठेव. पाण्याला वाट ठाऊक अहे." मग स्वतः पिऊन दाखवलं. त्यांची धार मी आजही डोळे मिटून बघू शकते: सुतासारखी बारीक, न तुटणारी, आणि तिच्या दोन्ही टोकांना अप्पा अगदी निवांत. ओठ लागला की भांडं उष्टं झालं, आणि उष्टं भांडं कुणापुढे ठेवायचं नाही. आईपुढे नाही, माझ्यापुढे नाही, देवापुढे तर नाहीच. यात त्यांना कुणाचा तिरस्कार नव्हता. सवय होती, आणि सवयीचा थोडा अभिमान.

दुसरी सवय पानाची. कुंभकोणमची पानं कोवळी, पातळ, जिभेवर विरघळणारी. बाहेरगावचे पाहुणे जाताना जुड्या बांधून नेतात. जेवण झालं की अप्पा पितळी डबा उघडायचे, पान मांडीवर पुसायचे, शिरा काढायचे, नखाने चुना लावायचे आणि वर चिमूटभर सीवल. सीवल म्हणजे आमच्याकडची कातरलेली सुपारी, तुपात परतलेली, वासाची. तो वास आला की मला अजून वाटतं, घरात सगळं ठीक आहे, सगळे जेवलेत. तंबाखूला अप्पांनी आयुष्यात बोट लावलं नाही. बसमध्ये शेजारचा तंबाखू मळायला लागला तर ते उठून उभे राहायचे.

माझं लग्न त्यांना पसंत नव्हतं. नवरा तमिळ, इथल्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा, आमच्यातला नाही. अप्पांनी आकांडतांडव केलं नाही. लग्नाला आले, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, अक्षता टाकल्या. पुढे दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे यायला लागले, तास-दीड तास बसायचे, जावयाशी पावसावर आणि धरणावर बोलायचे. खायचे काही नाहीत. कॉफी घ्यायचे, पण वरून. मी ताजं डिकॉक्शन काढून, फेस आणून टंबलर आणि त्याखालची खोल वाटी, डबरा, त्यांच्यासमोर ठेवायची आणि ते टंबलर उंच धरून ती कॉफी औषधासारखी घशात सोडायचे. काम झालं, टंबलर खाली. मला वाटायचं, हा माणूस माझ्या घराला स्पर्शसुद्धा न करता परत जातो.

माझा स्वभाव तापट. तो आईकडून आला. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी एका शनिवारी मी फुटलेच. म्हटलं, परक्याच्या घरी प्यायल्यासारखे पिता, लेकीच्या घरी एकदा तरी भांड्याला ओठ लावा. अप्पा गोंधळले. मग म्हणाले, "अपल्या घरींहि मी असंच पितो की ग." हे अगदी खरं होतं, आणि खरं असल्यामुळे मला जास्तच राग आला. नवरा हसू दाबत आत गेला. मी पुढची कितीतरी वर्षं दर शनिवारी त्या टंबलरकडे डोळे लावून बसले.

एकोणसाठाव्या वर्षी अप्पांना साखर निघाली. त्यांनी ती पाण्याच्या पातळीसारखीच हाताळली. खात्यातून उरलेली एक कोरी वही काढली, उपाशीपोटीचा आकडा, जेवणानंतरचा आकडा, शेजारी सही. गोड एका दिवसात बंद. पण जेवणानंतर जिभेला काहीतरी लागायचंच, म्हणून पायसाच्या जागी सीवल आली. आधी जेवणानंतर चिमूटभर होती, आता दिवसातून पाच-सहा वेळा, आणि चावून टाकायची नाही, डाव्या गालात धरून ठेवायची. आईने मला फोनवर विचारलं, एवढी चालेल का ग? मी तेव्हा एका पेशंटच्या दाढेत अडकले होते. लाडवापेक्षा सुपारी बरी, म्हटलं आणि फोन ठेवला. हे वाक्य माझं आहे. मी दातांची डॉक्टर आहे, आणि पुण्यात असताना सुपारी-गुटख्याने जबडे आवळलेली पोरं रांगेने बघितली होती. पण तो आजार टपरीवरचा, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. आमच्या पितळी डब्यातला तो असू शकतो, हे मला सुचलंच नाही.

पुढे समोरच्या गल्लीतले साखरेचे डॉक्टर त्यांचे पेशंट तोंड तपासायला माझ्याकडे पाठवू लागले. साखरेने तोंड कोरडं पडतं, बुरशी धरते, जखम लवकर भरत नाही, हिरड्या सैल होतात, हे लोकांना थोडंफार ठाऊक असतं. तोंडातले वाईट चट्टेही साखरेच्या माणसांना जरा जास्त गाठतात, आणि त्यात तंबाखू-सुपारी असेल तर दुष्काळात तेरावा महिना, हे मात्र कुणी सांगत नाही. मी एकपानी फॉर्म केला. तंबाखू, विडी, दारू, सुपारी. किती वेळा, किती वर्षं. जळजळ होते का, दोन आठवड्यांहून जुनी जखम आहे का, तोंड किती बोटं उघडतं. त्या फॉर्मवरून कुणाला महिन्याने बोलवायचं आणि कुणाला वर्षाने, ते ठरायचं. मला त्या फॉर्मचा फार अभिमान होता.

अप्पांचा फॉर्म मी त्यांच्याच घरी, जेवणाच्या टेबलावर भरला. ते समोर बसून भेंडी चिरायला आईला मदत करत होते. घरचा माणूस, त्याला काय विचारायचं? तंबाखू नाही, विडी नाही, दारू नाही. सुपारीसमोर लिहिलं, कधीमधी. तोंड उघडणं, नॉर्मल. वडिलांना खुर्चीत आडवं करून त्यांच्या तोंडावर दिवा मारायचा, हे मला कसंतरीच वाटत होतं, त्यांनाही वाटलं असणार. धोका कमी, वर्षाने बोलवा, असं लिहून मी सही केली.

त्यानंतर अप्पांनी रसमात तिखट कमी मागायला सुरुवात केली. तोंड जळतं म्हणाले. मी उभ्या उभ्या जीभ बघितली, बुरशी असेल म्हटलं, थेंब दिले. शुगरवाल्यांना होतंच. थेंबांनी थोडं बरं वाटलं, म्हणजे माझं निदान बरोबर. गोविंदपुरमच्या विठ्ठलाच्या देवळात ते भजनाला जायचे आणि अभंग पुढे होऊन म्हणायचे. उंच स्वरात 'विठ्ठला' म्हणताना त्यांचा आ असा लागायचा की बाहेर चपला सांभाळणारी बाईसुद्धा आत डोकवायची. ते आता मागे बसून टाळ धरू लागले. वय झालं, पुढच्यांना गाऊ द्यावं, म्हणाले. आम्हाला ते फार शहाणपणाचं वाटलं. साखरेवर ढकलता येईल ते आम्ही साखरेवर ढकललं, उरलेलं वयावर.

आणि मग तो शनिवार आला. मी नेहमीप्रमाणे कॉफी ठेवली आणि शेंगदाणे आणायला वळले. परत बघते तर अप्पांनी टंबलर ओठांना लावला होता. दोन्ही हातांत धरून, लहान मुलासारखे, घोट घोट पीत होते. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मी आत गेले, नळ सोडला आणि ओट्याला धरून रडले. सहा वर्षं मी या एका गोष्टीची वाट बघत होते. नंतर तो टंबलर धुताना काठावरचा कॉफीचा डाग मी मिनिटभर तसाच ठेवला. त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, तुझ्या अप्पांनी शेवटी दार उघडलं. मी आनंदाने नुसती वेडी झाले होते.

पुढचे चार महिने दर शनिवारी ते तसेच प्यायले. मला कुणी सुखाचे दिवस कोणते असं विचारलं असतं तर मी तेच सांगितले असते. आजही त्या महिन्यांची आठवण आली की आधी सुखच आठवतं, मग बाकीचं.

एका दुपारी आईचा फोन आला. ती चिडलेली होती. आजीचं, म्हणजे अप्पांच्या आईचं, श्राद्ध त्या दिवशी झालं होतं आणि तिची तक्रार अशी, की तुमच्या घरचं वळण लागून हे पार बिघडले. आधी आपल्या घरी कॉफी तोंड लावून प्यायला लागले, मी काही म्हटलं नाही. मागच्या अंगणात एकटे असतानासुद्धा लोटी तोंडाला लावतात. पण आज सोवळ्यात, ब्राह्मण अजून पानावर बसलेले असताना, त्यांनी पाण्याच्या भांड्याला ओठ लावला. पुरोहितांनी बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आई सांगत होती.

मी पुढचं ऐकलं नाही. स्वतःच्या आईच्या श्राद्धाला, सोवळ्यात, अप्पा भांडं उष्टं करणार नाहीत. जीव गेला तरी करणार नाहीत. लेकीवरच्या मायेने माणूस लेकीच्या घरी बदलतो, एकटा अंगणात असताना बदलत नाही. खुर्चीतल्या बाईंना मी उद्या या म्हटलं, टॉर्च आणि आरसा पिशवीत टाकला आणि स्कूटर काढली.

अप्पा ओसरीवर पेपर वाचत होते. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. तोंड उघडा म्हटलं. त्यांनी उघडलं. तीन बोटं उभी जायला हवीत. माझी दोन जेमतेम जात होती. गाल आतून पांढुरके, कडक, बोटाला दोरीसारखे पट्टे लागत होते. आणि डाव्या गालात मागे, जिथे ते सीवल धरून ठेवायचे, तिथे चिंचोक्याएवढा पांढरा चट्टा. त्याची एक कड लाल होती. पांढऱ्याने माणूस सावध होतो, लाल दिसलं की घाबरतो. मी टॉर्च बंद केला आणि विचारलं, कधीपासून?

अप्पांनी पेपरची घडी घातली. मग हळू आवाजात, जणू चूक त्यांचीच होती, म्हणाले, "तुझ्या घरीं ती काफी प्यालों, तेव्हांपासून. त्या दिवशीं वरून ओतायला होईना. तुला सांगायचं म्हणूनच आलों होतों. तूं आंत जाऊन रडूलागलीस. जांवईहि किती खूष झाले. मग कसं सांगूं?"

चार महिने त्या माणसाने माझं सुख मोडू नये म्हणून तोंड मिटून ठेवलं होतं, आणि मी, तोंडं उघडून बघणं हाच जिचा धंदा, दर शनिवारी समोर बसून ते मिटलेलं तोंड डोळे भरून बघत होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांच्यावरच ओरडले. इतकं ओरडले की आई बाहेर आली. अप्पा म्हणाले, ओरडू दे तिला.

दोन दिवसांनी आम्ही तंजावरला गेलो. तिथे माझ्याहून खूप जास्त शिकलेल्या, तोंडाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एक वयस्क बाई होत्या. त्यांना दाखवायला मी सगळे कागद नेले होते, त्यात तो फॉर्मही. बाहेर बाकावर बसलेले असताना अप्पांनी फाईल मांडीवर घेतली आणि एकेक कागद वाचायला सुरुवात केली. मला तो फॉर्म आठवला तोवर उशीर झाला होता. त्यांनी तो दोनदा वाचला. माझं अक्षर, माझी सही. खिशातून पेन काढून 'कधीमधी' वर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं: रोज सहा वेळा, सात वर्षं, त्याआधी रोज दोनदा, चाळीस वर्षं. 'नॉर्मल' खोडून 'दोन बोटं' लिहिलं. शेजारी तारीख आणि सही, अगदी पाण्याच्या वहीत करायचे तशी. फाईल परत देताना त्यांचा आवाज अजिबात चढला नाही.

"पाहिल्याविना लिहिलीस, बाळ."

आयुष्यात मला पुष्कळ जणांनी बोल लावले आहेत. त्या तीन शब्दांइतका एकही लागलेला नाही.

बाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला आठ दिवस. सीवलीचा डबा अप्पांनी त्याच संध्याकाळी स्वतः घासून, पुसून माळ्यावर ठेवला. पुढे त्याकडे वळूनही बघितलं नाही. त्या आठ दिवसांत आई तोंडाने नामस्मरण करत होती आणि हाताने भांडी आपटत होती. मी पेशंट बघत होते, पण कुणाच्याही उघड्या तोंडात मला अप्पांचाच गाल दिसायचा. त्यांना विचारलं, भीती वाटते का? म्हणाले, मरण्याची नाही वाटत, पण गालच कापला तर विठ्ठलाला हाक कशी मारायची तेवढं विचारून ठेव.

रिपोर्ट आला तो असा: कॅन्सर नव्हे, पण पेशींनी वळायला सुरुवात केली होती. दुखणं उंबऱ्यापाशी होतं, आत आलेलं नव्हतं. आणखी वर्षभर मी शनिवारच्या आनंदात राहिले असते तर काय, हा विचार मी अजून पूर्ण करत नाही. चट्टा काढायचा ठरला, पण साखर उतरल्याशिवाय बाई हात लावायला तयार नव्हत्या. जखम भरणार नाही म्हणाल्या. तीन आठवडे अप्पांनी नाचणीची भाकरी, पालेभाजी आणि चालणं, एवढ्यावर काढले. वहीतले आकडे रोज थोडे थोडे खाली आले. मग शस्त्रक्रिया झाली, आणि जखम भरली.

पण भरताना ती आणखी आवळते, म्हणून खरा व्यायाम पुढे होता. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकीवर एक रचून पुढच्या दातांमध्ये धरायच्या, दुखेपर्यंत, दिवसातून पाच वेळा. जमलं की एक काडी वाढवायची. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मी बघू शकत नसे, तरी समोर बसायची; आता न बघता राहायची माझी छाती नव्हती. महिन्याभरात त्यांना त्याचीही गोडी लागली. वहीत साखरेच्या शेजारी नवा रकाना आला, सकाळच्या काड्या आणि संध्याकाळच्या काड्या. मी गेले की दारातच सांगायचे, आज पाणी एका रेघेने चढलं. कधी आठवडाभर चढायचं नाही. तेव्हाही लिहायचे तेवढंच, जेवढं खरं असेल.

सात-आठ महिन्यांनी गोविंदपुरमला ते पुन्हा पुढे बसले. पहिल्यासारखा आ लागला नाही. उंच स्वराशी जाऊन आवाज थोडा चेपायचा. त्यांनी अभंग खालच्या पट्टीत घेतला. चपलांवरची बाई त्या दिवशीही आत डोकावली.

अप्पा जाऊन आता दोन वर्षं झाली. तोंडाच्या दुखण्याने नाही गेले. चट्टा पुन्हा आला नाही, दर तीन महिन्यांनी मी दिवा मारून, बोट घालून, बघून लिहीत होते. गेले ते हृदयाने, दुपारच्या झोपेत. लोक भेटायला आले तेव्हा त्यांच्या सोवळ्याच्या, त्यांच्या हट्टाच्या गोष्टी निघाल्या, सगळे हसले. मला मात्र एक शनिवार आठवत होता आणि तो मी कुणाला सांगितला नाही.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच ते कॉफीला आमच्याकडे आले, तो शनिवार. आधी कितीतरी दिवस फक्त कोमट पेज आणि ताक होतं. मी कॉफी केली, साखर न घालता, फेस आणला, टंबलर त्यांच्यासमोर ठेवला आणि या वेळी आत गेले नाही. नवराही पुस्तक मिटून उभा राहिला. सहा वर्षं मी देवाकडे मागितलं होतं की या माणसाने ओठ लावावा. आता त्याच देवाकडे मागत होते, नको लावू दे.

अप्पांनी टंबलर उचलला. मान मागे टाकली, तोंड उघडलं, अडीच बोटं, माझ्या डोळ्यांनी मी मोजली, आणि हात वर नेला. धार आली. पूर्वीपेक्षा जाड, जरा थरथरती, थोडी कॉफी मिशीवर सांडली. पण तुटली नाही. गळा उघडा होता. अर्धा टंबलर त्यांनी तसा घेतला आणि मान खाली आणून माझ्याकडे बघितलं.

"हें डाक्टरीणीला दाखविलों," ते म्हणाले.

मग त्यांनी टंबलर ओठांना लावला आणि उरलेली कॉफी, सावकाश, तळाच्या फेसापर्यंत, पिऊन टाकली.